वजा पंधरा

९ जानेवारी

बारक्या,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा म्हणून पेन टेकवलं आणि थांबलो. अकरा वर्षं ज्याला एक ओळ पाठवली नाही, त्याला एकदम आशीर्वाद कसला पाठवायचा? ते राहू दे. कामाचंच लिहितो.

मला एक फॉर्म भरायचा आहे. त्यात एक रकाना असा : सख्ख्या भावाला वयाच्या पंचावन्नच्या आत हृदयाचा काही त्रास झाला होता का? सख्खा भाऊ मला एकच, आणि तो तू. आहे का काही? हो किंवा नाही, एवढंच कळव. कार्डावर लिहिलंस तरी चालेल. सध्या रकाना रिकामा ठेवलाय.

फॉर्म कसला ते आता सांगणं आलं. मला प्रोस्टेटचा कॅन्सर झालाय. घाबरू नकोस, म्हणजे घाबरणार असलास तर. मूत्रविकाराचे डॉक्टर म्हणतात, हा आजार पुरुषाच्या हार्मोनवर पोसला जातो, तेव्हा ते हार्मोनच बंद करायचं. दर तीन महिन्यांनी पोटात एक इंजेक्शन. पहिलं गेल्या आठवड्यात घेतलं. पण त्यानं म्हणे वजन वाढतं, साखर वाढते, रक्तातली चरबी वाढते, आणि कॅन्सरनं सोडलेला माणूस कधी कधी हृदयाच्या झटक्यानं जातो. म्हणून ही इंजेक्शनं घेणाऱ्या प्रत्येकाला हृदयाच्या डॉक्टरकडून धोका मोजून घ्यायला पाठवतात.

तिथली डॉक्टर आपल्याला मुलगी शोभेल एवढ्या वयाची. टेबलावर फूटपट्टी आणि एक रंगीत तक्ता. हिरवी घरं, पिवळी घरं, लाल घरं. ‘सिगारेट?’ ‘सोडली.’ ‘कधी?’ ‘मंगळवारी.’ हसली नाही, लिहून घेतलं. कमरेचा घेर मोजला, बाबा कशानं गेले ते विचारलं, आणि माझ्या प्रत्येक उत्तराला तिचं बोट तक्त्यावर एकेक घर सरकत गेलं. मी तिचं नाव गणितबाई ठेवलंय. तुझ्या वहिनीला ते अजिबात आवडलेलं नाही.

तिच्या खोलीत माझ्या रक्तदाबाचा वरचा आकडा एकशे अठ्ठावन्न आला. ती म्हणाली, ‘डॉक्टर समोर दिसला की काही जणांचा चढतो. घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा आणि वहीत लिहून आणा. त्यावर मी जास्त विश्वास ठेवीन.’ मी म्हटलं, ‘बाई, चाळीस वर्षं हीच यंत्रं दुरुस्त करून तुम्हा डॉक्टरांना परत देतोय.’ तेव्हा मात्र हसली.

दंडाला पट्टा बांधून बटण दाबायचं, असलं एक यंत्र आणलं. पण बाजारातून आणलेलं यंत्र तसंच वापरीन तर मी कसला गेजवाला? नळीला एक तोंड काढलं आणि बाबांचा मास्टर जोडला. बाबांनी ज्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय दाब मोजणारं एकही गेज दुकानाबाहेर सोडलं नाही, तोच. बघतो तर नवं यंत्र वर पंधरा जास्त दाखवतंय, खाली नऊ. तेवढे वजा करतो आणि वहीत मांडतो. तिच्या दवाखान्यातल्या यंत्राचीही तीच गत असणार. हल्ली माल कसा येतो ते तुला सांगायला नको.

आणि एक सांगून ठेवतो. मास्टरचा काटा आजही दाब काढला की बरोबर शून्याच्या रेषेवर येतो. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. तू काय म्हणाला होतास ते मी विसरलेलो नाही.

दादा


३० जानेवारी

बारक्या,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा होती असंही नाही.

सात दिवसांची वही घेऊन गणितबाईकडे जाऊन आलो. सरासरी निघाली वर एकशे चौतीस, खाली चौऱ्याऐंशी. ती खूश झाली. म्हणाली, ‘एकशे पस्तीस-पंच्याऐंशीच्या आत आहात. वर असता तर आजच गोळी चालू केली असती आणि हृदयाच्या पुढच्या तपासण्यांना पाठवलं असतं.’ तक्त्यावरचं बोट पिवळ्या घरात थांबलं. लाल घर एका बोटावर राहिलं. चालायला जा, मीठ कमी करा, एप्रिलमध्ये परत या. वही बघून म्हणाली, ‘इतकी स्वच्छ वही आजवर कुणी आणली नव्हती.’ मी छाती फुगवून बाहेर आलो.

इंजेक्शनाचे प्रताप मात्र सुरू झालेत. भर थंडीत बसल्या जागी कानापासून घाम फुटतो आणि मिनिटभरात निथळायला होतं. दंडातला जोर गेला. परवा एका गिऱ्हाइकानं जुना वॉशर परत मागितला, एवढ्यावरून माझे डोळे भरून आले. त्याला वाटलं वॉशर हरवलाय. ‘राहू द्या, राहू द्या’ म्हणत बिचारा पळाला. हसायला येतं, पण मग हसता हसता पुन्हा तेच. तुझी वहिनी नुसता टॉवेल देते. नवरा-बायको म्हणून जे काही उरलं होतं तेही ह्या सुईनं पुसून टाकलं, पण त्याबद्दल तुला काय लिहायचं.

दुकानात एकटा बसलो की तुझं टेबल दिसतं. त्यावर आता खोकी आहेत. तू गेलास तो दिवस मला नीट आठवतो. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी, आणि तू पिशवीतून ते यंत्र काढून माझ्यासमोर आपटलंस आणि म्हणालास, ‘दादा, तुझा मास्टर खोटं बोलतोय.’ चारचौघांत. बाबांच्या मास्टरला. मी जे बोललो ते रागात बोललो. तुझं डोकंही त्या दिवसांत ठिकाणावर नव्हतं, हे मला समजत होतं. समजूनही बोललो, एवढी माझी चूक मी मानतो. एवढीच.

फॉर्मचं उत्तर आता नाही दिलंस तरी चालेल. बाईंनी तो जमा करून घेतला.

दादा


१४ एप्रिल

बारक्या,

दुसरं इंजेक्शन झालं. ह्या खेपेच्या वहीची सरासरी एकशे पस्तीस आली, अगदी काठावर. म्हणजे शेवटच्या संध्याकाळचा आकडा जरा जास्त वाटला म्हणून पुन्हा मोजला आणि कमी आला तो लिहिला. असं करायला हरकत नसते. बाई म्हणाल्या, ‘काठावर आहात, पण साखर चढलीय. मला तुमचं चित्र नीट जुळत नाहीये.’ माझ्या सुजलेल्या घोट्यांकडे बघत होत्या. मी म्हटलं, आकडे बघा, घोटे कसले बघता.

दुकानातून वरच्या खोलीत जाणारा जिना तुला माहीत आहे. चौदा पायऱ्या. हल्ली नवव्या पायरीवर थांबावं लागतं. इंजेक्शनानं अशक्तपणा येतोच, तसं त्यांच्या कागदावर छापलेलंच आहे.

घरात एक प्रकार झाला, तो लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. मी सकाळी मोजत होतो आणि तुझी वहिनी मागे उभी होती, मला पत्ता नव्हता.

‘यंत्रावर एकशे एक्कावन्न आहे,’ ती म्हणाली. ‘तुम्ही एकशे छत्तीस लिहिलंत.’

‘यंत्र पंधरा जास्त दाखवतं. मास्टरशी ताडून बघितलंय मी.’

‘हे डॉक्टरांना सांगितलंत?’

‘त्यांना काय कळणार त्यातलं?’

ती पुढे आली, वही उचलली, पानं उलटली. ‘दवाखान्यातलं यंत्र जास्त दाखवतं, हे यंत्र जास्त दाखवतं. तुमचा मास्टर तेवढा खरा. त्याला कुणी तपासलंय?’

मी म्हटलं, ‘बाबांच्या मास्टरला तपासणारा अजून जन्माला यायचाय.’

ती वही खाली ठेवून म्हणाली, ‘जन्माला यायचं होतं ते आलंच नाही.’ आणि आत गेली.

अकरा वर्षांत तिनं तो विषय काढला नव्हता. ती काय म्हणाली ते मला पहिल्या फटक्यात कळलं. कळलं नाही असं दाखवून मी चहा संपवला आणि दुकान उघडायला गेलो.

दादा


२६ मे

बारक्या,

अक्षर वेडंवाकडं आहे, सांभाळून घे. पाठीमागे तीन उशा लावून पलंगावर बसून लिहितोय.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास बॉयलरचं एक जड गेज घेऊन वर निघालो होतो. नवव्या पायरीवर थांबलो, पण ह्या वेळी श्वास परत आलाच नाही. छातीवर कुणी गुडघा रोवल्यासारखं झालं. गेज हातातून सुटलं आणि पायऱ्यांवरून खाली गेलं. त्या आवाजानं शेजारचा शिंपी धावत आला, म्हणून मी हे लिहितोय. हृदयाच्या नळीत जाळी बसवलीय. एक तृतीयांश भाग मात्र आता नीट आकसत नाही. तो परत पहिल्यासारखा होईल का, तर बहुतेक नाही.

हे सगळं शरीराचं. खरं लिहायचंय ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी गणितबाई मला बघायला वॉर्डात आली. तिच्या हातात माझ्या दोन्ही वह्या होत्या. स्टुलावर बसली आणि एकेक पान उलटत राहिली. डोळ्यांखाली काळं होतं. म्हणाली, ‘काका, माझ्याकडून राहून गेलं. तुमची साखर, तुमचा घेर, इंजेक्शन, सगळं समोर होतं. आकडे चांगले होते म्हणून मी थांबले. आधीच पुढच्या तपासण्या करायला हव्या होत्या. चूक माझी आहे.’

बारक्या, मी गप्प बसलो.

तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की बाई, आकडे चांगले नव्हते, मी चांगले केले. नाही म्हणालो. वर तिला धीर दिला, ‘असू दे बेटा, होतं असं.’ ती डोळे पुसत निघून गेली. एका मुलीला मी माझं पाप उचलायला लावलं आणि वर मोठेपणानं माफही केलं.

ती गेली आणि मला प्रसूतिगृहातल्या सिस्टर आठवल्या. त्याही अशाच म्हणाल्या होत्या, ‘माझ्याकडूनच बघताना चुकलं असेल.’ तेव्हाही मी असाच गप्प होतो.

आता झोप म्हणून वहिनी ओरडतेय. पुढचं लिहायला बळ गोळा करतो.

दादा


१९ जून

बारक्या,

हे पत्र लांबेल. उघडशील की नाही माहीत नाही. तरी ह्यात मी काही वजा करणार नाही.

घरी आल्यावर आठव्या दिवशी मास्टर कापडात गुंडाळला आणि रिक्षा करून तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत गेलो. वहिनी सोबत होती. ती माझा दंड धरून बसली. तिथल्या तंत्रज्ञ मुलीनं विचारलं, ‘काका, हा शेवटचा कधी तपासला होता?’ मी म्हटलं, ‘तेरा वर्षं झाली.’  दर वर्षी तपासायचा असतो हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

तिनं तिच्या यंत्राला मास्टर जोडला. शून्यावर शून्य. मी वहिनीकडे बघितलं, बघ म्हटलं. मग तिनं दाब चढवला. खऱ्या पन्नासला मास्टर पंचेचाळीस. शंभरला नव्वद. दीडशेला एकशे पस्तीस. दोनशेला एकशे ऐंशी. ती मुलगी आकडे मोठ्यानं वाचत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होतो. शून्यावर साव आणि वर जावं तसा चोर. तू नेमकं हेच म्हणाला होतास. ‘शून्य बघू नकोस दादा, दीडशे बघ.’

आता तुला माहीत नाही ते सांगतो.

बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता. कपाट सरकवताना मास्टर माझ्या हातून फरशीवर पडला. काच फुटली, काटा आठावर जाऊन अडकला. तू त्या दिवशी धाकटीला घेऊन तिच्या माहेरी गेला होतास. बाबांनी चाळीस वर्षं जपलेली वस्तू मी महिनाभरात फोडली, हे तुला कसं सांगू? नवी काच बसवली. काटा उपसून शून्यावर बसवला. दाब दिला, काटा हलला, मला तेवढं पुरलं. त्या वर्षी तपासणीला पाठवला असता तर आपटल्याचं उघड झालं असतं, म्हणून पाठवला नाही. मग दुसऱ्या वर्षी कोणत्या तोंडानं पाठवणार? आल्यावर तू विचारलंस, ‘काच नवी कशी?’ मी म्हटलं, जुनी धुरकट झाली होती.

त्यानंतर दीड वर्षं गावातल्या प्रत्येक दवाखान्याचं यंत्र मी त्या मास्टरशी जुळवून परत दिलं. पाठीवर आपली पिवळी चिठ्ठी : तपासले, ठीक. खाली माझी सही. प्रसूतिगृहाच्या यंत्रावरही तीच होती.

धाकटीला आठवा महिना होता. डोकं दुखतंय, पाय सुजलेत म्हणून ती सकाळी तिथे गेली. सिस्टरनी पट्टा बांधला, आकडा लिहिला आणि ठीक आहे म्हणून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी तिला झटके आले. ती वाचली. बाळ वाचलं नाही. पुढे दुसरंही होऊ शकलं नाही.

तो कागद तू मला दाखवला होतास. सिस्टरच्या अक्षरात एकशे चौतीस, चौऱ्याऐंशी. जानेवारीत बाईंनी माझी सरासरी वाचून दाखवली तेव्हा हाच आकडा होता. मी तेव्हाही ओळखला होता, बारक्या. ओळखून छाती फुगवून बाहेर आलो.

तू ते यंत्र दुसऱ्या गावी ताडून आणलंस आणि दुकानात येऊन माझ्यासमोर ठेवलंस, तेव्हा मला सगळं कळलं होतं. पडलेला मास्टर, काच, काटा, सगळं एका क्षणात. आणि त्या चार गिऱ्हाइकांसमोर मी तुला म्हणालो, ‘पोर गेलं की माणसाला दोष द्यायला कुणीतरी लागतंच.’ तुला रागात बोललो असं मागे लिहिलंय. ते खोटं आहे. मी भीतीनं बोललो. तू यंत्र तिथेच टाकून गेलास आणि मी त्या संध्याकाळी त्याच्या पाठीवरची चिठ्ठी खरवडून काढली.

प्रयोगशाळेतून सरळ गणितबाईकडे गेलो आणि सगळं सांगितलं. वजा पंधरा, वजा नऊ, पुन्हा मोजलेली संध्याकाळ. ती रागावेल अशी माझी तयारी होती. तिनं फक्त विचारलं, ‘मग जानेवारीत खरा आकडा किती होता?’ मी म्हटलं, ‘एकशे एकोणपन्नास, त्र्याण्णव.’ तिनं माझा जुना तक्ता काढला आणि बोट एक घर वर नेलं. लाल. ते तिथेच ठेवलं. मग म्हणाली, ‘काका, त्या दिवशी मी रडले तेव्हा तुम्ही मला बेटा म्हणालात.’ मला वाटतं ती मला झोडपती तर बरं झालं असतं.

फॉर्मवरचा रकाना रिकामा ठेवला असं तुला लिहिलं होतं. तेही खरं नव्हतं. मी ‘नाही’ लिहिलं होतं. सख्ख्या भावाच्या तब्येतीचं माहीत नाही असं लिहायची लाज वाटली.

सिस्टरांकडेही जाऊन आलो. चौकशीत त्यांनाच दोषी धरून कामावरून काढलं होतं, आठवतं ना. आता केस सगळे पांढरे. मी दारातच सांगून टाकलं. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाल्या, ‘मला वाटलं माझे कानच गेले. नळी कानाला लावून ऐकलेलं खरं का खोटं ते कळेना. त्यानंतर मी कुणाच्या दंडाला पट्टा बांधला नाही.’ अकरा वर्षं ती बाई आपल्या चांगल्या कानांवर अविश्वास धरून बसली होती. मी तिचे पाय धरायला वाकलो तर छातीमुळे मला वाकताही येईना. तिनंच मला उठवलं.

ह्या तेरा वर्षांतले माझ्या वहीत एकूण तेवीस दवाखाने निघाले. काही बंद झालेत, काहींनी यंत्रं बदललीत. रोज एक-दोन ठिकाणी जातो, सांगतो, चिठ्ठी काढून आणतो. किती जणांना ठीक आहे म्हणून घरी पाठवलं गेलं असेल, ह्याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

तुझी माफी मागायला मला जमत नाही, कारण ती मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल. तेवढा भार मला तुझ्यावर टाकायचा नाही. फक्त हे तुझ्याकडे खरं पोचावं. तू वेडा नव्हतास. तू बरोबर होतास. मास्टर खोटं बोलत होता, आणि मीही.

धाकटीला हे वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

दादा


८ जुलै

बारक्या,

काल कार्ड आलं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी दारातच बसलो. वहिनीला वाटलं पुन्हा काही झालं.

अक्षर धाकटीचं आहे. कार्ड माझ्याजवळ ठेवून घेतो, तू पाठवलंयस तरी तुला पुन्हा लिहून दाखवतो, कारण मला ते लिहावंसं वाटतंय :

‘दादा, तुमची पत्रं ह्यांनी न उघडता ट्रंकेत टाकली होती. शेवटचं फार जाड होतं म्हणून मी उघडलं, मग मागची उघडली. ह्यांना बावन्नाव्या वर्षी झटका येऊन गेलाय. दोन नळ्यांत जाळ्या आहेत. तुमच्या फॉर्मवर लिहून घ्या.’

बाळाबद्दल एक अक्षर नाही. ते मी कार्ड उलटून उलटून शोधलं.

पाच-सहा वर्षांपूर्वी तू कुठल्याशा दवाखान्यात छातीला तारा लावून पडला होतास आणि मी इथे दुकानात बसून गिऱ्हाइकांना तुझ्या चुगल्या सांगत होतो. हे कुणी कळवलं नाही, आणि का कळवावं? मी कार्ड घेऊन गणितबाईकडे गेलो. तिनं माझा ‘नाही’ खोडला, वर ‘हो’ लिहिलं, तारीख घातली आणि मला खाली सही करायला लावली. बोट लाल घरात आणखी वर गेलं. आता लिहून काय उपयोग, असं मी म्हटलं तर म्हणाली, ‘तिसऱ्या इंजेक्शनाचं ठरवायचंय ना.’

ते ठरलं. दोन्ही डॉक्टर एका टेबलाशी बसले. इंजेक्शन सोडलं तर कॅन्सर मोकाट सुटणार, आणि तेच चालू ठेवलं तर ह्या दुखावलेल्या हृदयावर भार. औषध बदललंय, आता दर महिन्याला घ्यायचं, आणि दर महिन्याला बाईकडे हजेरी. दोघांपैकी आधी कोण नेईल ते त्या तक्त्यात नाही. मी विचारलंही नाही. ती सांगायला तयार होती, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मास्टर मी मोडीत काढणार होतो. वहिनी नको म्हणाली. आता तो दुकानात समोरच्या खिळ्यावर आहे, आणि खाली पुठ्ठ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलंय : हा दीडशेला एकशे पस्तीस दाखवतो. येणारा प्रत्येक जण वाचतो आणि का म्हणून विचारतो. मी सांगतो. रोज सांगावं लागतं.

कार्डाच्या अगदी खाली, पत्त्याला चिकटून, तुझ्या अक्षरात चार शब्द आहेत. आधी मला ते दिसलेच नव्हते, वहिनीनं दाखवले. ‘तुझा आजचा आकडा कळव.’

सकाळी साडेसात. पाच मिनिटं गप्प बसलो. वहिनी समोर वही धरून होती. पहिला एकशे बेचाळीस, अठ्ठ्याऐंशी. दुसरा एकशे चाळीस, सत्त्याऐंशी.

काही वजा केलेलं नाही.

दादा